उरल्यासुरल्या तासांतली तबकडी : क्वीनच्या पहिल्या अल्बमची गोष्ट

लंडनच्या सोहो भागात सेंट अॅन्स कोर्ट नावाचा एक अरुंद बोळ आहे. १९७२ साली तिथल्या ट्रायडंट स्टुडिओत चार तरुण पोरं रात्री उशिरा शिरायची आणि सकाळी झाडलोट करणाऱ्या बायका कामावर आल्या की बाहेर पडायची. कधी पहाटेचे तीन ते सात, कधी कुणाचं काम लवकर आटोपलं तर मधलेच दोन-चार तास. बोलावणं केव्हा येईल हे त्यांच्या हातात नव्हतं. एरवी तिथे मोठ्या गिऱ्हाइकांची ये-जा असे. डेव्हिड बोवी, एल्टन जॉन यांची कामं तिथे चालत, लू रीडचा ‘ट्रान्सफॉर्मर’ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथेच रेकॉर्ड झाला. त्यांच्या तासांचे पैसे मिळत होते. या चौघांच्या वाट्याला उरलेले तास येत.

त्या तासांतून जो अल्बम तयार झाला, तो १३ जुलै १९७३ रोजी ब्रिटनमध्ये ‘क्वीन’ या नावाने बाजारात आला. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं नाव काढलं की आपल्याला पुढची स्टेडियमं, पुढची गाणी आठवतात. हा पहिला अल्बम मागे राहतो. पण रॉकची तबकडी कशी बनते, तिच्यात पैसा कुठून येतो, मालकी कोणाची असते आणि या सगळ्याचा आवाजावर काय परिणाम होतो, हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तो कसा बनला हे या अल्बममध्ये अक्षरशः ऐकू येतं.

आधी माणसं. गिटार वाजवणारा ब्रायन मे इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकून ग्रहांमधल्या अवकाशातल्या धुळीवर संशोधन करत होता. ड्रम वाजवणारा रॉजर टेलर दंतवैद्यकी शिकायला लंडनला आला आणि ती सोडून जीवशास्त्राकडे वळला. १९७१ च्या सुरुवातीला आलेला, बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. आणि चौथा गायक फ्रेडी, ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइन शिकलेला. बँडचं नाव त्याने ठेवलं, चौघांच्या राशींवरून बोधचिन्हही त्यानेच काढलं.

या फ्रेडीचा आपल्याकडचा धागा खरा आहे. झांझिबारमध्ये जन्मलेला फरोख बलसारा हा पारशी मुलगा वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डर म्हणून आला. त्याचं ‘फ्रेडी’ हे नाव तिथेच पडलं, पियानोचं शिक्षण तिथेच झालं आणि ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँडही तिथेच जमला. त्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या क्रांतीमुळे कुटुंबाला इंग्लंड गाठावं लागलं. पाचगणीच्या थंडीत गिरवलेला तो पियानो पुढे या गोष्टीत एकदा नेमक्या जागी येतो.

आता मुद्द्याकडे. १९७१ मध्ये एखाद्या नवख्या बँडला रेकॉर्ड काढायची तर अडचण काय होती? आज लॅपटॉप आणि एक माइक असला तरी सुरुवात होते. तेव्हा स्टुडिओ तासावर भाड्याने मिळायचा आणि ते भाडं विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून बँड आधी नमुन्याची टेप करायचा, ज्याला डेमो म्हणतात. तो कंपन्यांना ऐकवायचा आणि एखाद्या कंपनीने होकार दिला तर ती स्टुडिओचा खर्च उचलायची. पण डेमो करायलाही स्टुडिओ लागतोच.

क्वीनला इथे नशिबाने हात दिला. डी लेन ली ही स्टुडिओ कंपनी वेम्ब्लीला नवी जागा उभारत होती. नव्या स्टुडिओत एका खोलीचा आवाज शेजारच्या खोलीत झिरपतो का, यंत्रं नीट चालतात का, हे तपासायला कुणीतरी जोरात वाजवणारं हवं होतं. क्वीन जोरात वाजवायचे. त्या मोबदल्यात त्यांना फुकट रेकॉर्डिंग मिळालं आणि १९७१ च्या अखेरीस पाच गाण्यांचा डेमो तयार झाला : ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’, ‘द नाइट कम्स डाउन’, ‘ग्रेट किंग रॅट’, ‘जीझस’ आणि ‘लायर’. पाचही गाणी पुढे अल्बमवर आली. याच वेम्ब्लीच्या फेऱ्यांमध्ये जॉन अँथनी आणि रॉय थॉमस बेकर या निर्मात्यांच्या कानावर हा बँड पडला आणि त्यांनी तो ट्रायडंटच्या मालकांपर्यंत नेला. मालक म्हणजे नॉर्मन आणि बॅरी शेफील्ड हे दोघे भाऊ.

इथे करार जरा नीट समजून घेऊ, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. नेहमीच्या पद्धतीत रेकॉर्ड कंपनी पैसे लावते, स्टुडिओ भाडं घेतो, व्यवस्थापक बँडच्या बाजूने दोघांशी भांडतो आणि गाण्यांच्या हक्कांचं काम प्रकाशक बघतो. चार वेगळी माणसं, चार वेगळे हितसंबंध. क्वीनच्या बाबतीत ट्रायडंटने रेकॉर्डिंग, प्रकाशन आणि व्यवस्थापन तिन्ही आपल्याकडे घेतलं. शेतीच्या भाषेत सांगायचं तर जमीन मालकाची, बियाणंही त्याचंच आणि माल विकणारा अडत्याही तोच. कसणाऱ्याने कसायचं. अल्बम ट्रायडंट स्वतःच्या खर्चाने बनवणार आणि तयार माल नंतर एखाद्या रेकॉर्ड कंपनीला देणार, अशी ही व्यवस्था होती.

आता स्वतःचाच स्टुडिओ असलेला मालक नव्या बँडसाठी कमाईचे तास का अडवेल? मंगल कार्यालयवाला मुहूर्ताच्या तारखा कधी सवलतीत देत नाही, बिनमुहूर्ताच्या दिवशी मात्र हॉल रिकामाच असतो. स्टुडिओतल्या अशा रिकाम्या वेळाला डाउनटाइम म्हणतात. तोच क्वीनला दिला गेला. हे लबाडीचं होतं असं मी म्हणणार नाही. त्या काळात अनोळखी चौघांवर कुणीतरी स्वतःची यंत्रं आणि माणसं लावली, हे मोठंच होतं. १९७२ च्या मध्यापासून रेकॉर्डिंग सुरू झालं, करारावर सह्या नोव्हेंबरात झाल्या.

पण रात्रीचे तुकडे जोडून काम करण्यात एक तोटा असतो, जो बाहेरच्याला चटकन दिसत नाही. ड्रमपुढे माइक कुठे ठेवला, गिटारचा अॅम्प्लिफायर किती चढवला, कोणतं बटण कितीवर होतं, हे सगळं मनासारखं लागायला तास जातो. सकाळी ते सगळं आवरावं लागतं. पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून. शिवाय माणूस दमलेला. एका गाण्यातला आवाज दुसऱ्या गाण्याशी जुळत नाही असं या अल्बममध्ये जाणवतं, त्याचं एक कारण मला हे वाटतं.

त्या रात्री यंत्रावर नेमकं काय चालायचं? दोन इंच रुंदीची चुंबकीय टेप घ्या. तिच्या रुंदीवर एकमेकींना समांतर सोळा पट्ट्या कल्पा. प्रत्येक पट्टी म्हणजे एक ट्रॅक. पहिल्यावर बेस, पुढच्या काहींवर ड्रम, एकावर गिटार, एकावर गाणाऱ्याचा आवाज. खुबी अशी, की आधीच्या पट्ट्या कानाला लावून ऐकत ऐकत रिकाम्या पट्टीवर नवं काही भरता येतं. याला ओव्हरडबिंग म्हणतात. त्यामुळे एकच माणूस स्वतःच्या जोडीला स्वतःच गाऊ शकतो, एकदा, दोनदा, दहादा. ट्रायडंट या बाबतीत आधीपासून पुढे होता. बीटल्सनी १९६८ मध्ये ‘हे जूड’ अॅबी रोडऐवजी ट्रायडंटमध्ये रेकॉर्ड केलं, कारण आठ ट्रॅकचं यंत्र तिथे वापरात होतं. १९७२ पर्यंत आठाचे सोळा झाले होते.

सोळा पट्ट्या पुष्कळ वाटतात. क्वीनला त्या पुरत नसत. तिघं मिळून सुरात गाणार, तेही थरावर थर चढवत, आणि ब्रायनला गिटारचा अख्खा वाद्यवृंद हवा. मग भरलेल्या चार-पाच पट्ट्या एकत्र करून एका किंवा दोन पट्ट्यांवर उतरवायच्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा भरायचं. याला बाउन्सिंग म्हणतात. याची किंमत अशी, की झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसा प्रत्येक खेपेला आवाज थोडा धूसर होतो आणि टेपची मूळची सरसर वाढत जाते. दुसरं म्हणजे एकदा एकत्र केलेले आवाज पुन्हा सुटे करता येत नाहीत. भाजीत मीठ पडलं की पडलं. पहाटे पाचला घेतलेला निर्णय कायमचा होतो.

ब्रायनची गिटारही सांगायला हवी. ती त्याने वडिलांबरोबर घरीच बनवली होती, १९६३ पासून जवळपास दोन वर्षं खपून. दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनी लाकडाचा, आतल्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या. तारा छेडायला प्लास्टिकच्या पट्टीऐवजी सहा पेन्सचं नाणं. या गिटारला एक ताणलेला, गाता सूर आहे आणि तो थरांमध्ये रचला की ऐकणाऱ्याला हे गिटार आहे की आणखी काही, असा प्रश्न पडतो. तेव्हा सिंथेसायझर हे विजेवर आवाज तयार करणारं नवं यंत्र सगळीकडे शिरत होतं. आपले आवाज त्यातून काढलेत असं कुणाला वाटू नये म्हणून बँडने अल्बमच्या मागच्या बाजूला छापूनच टाकलं, की यात कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. मला ही ओळ फार आवडते. केलेल्या मेहनतीची ती पावती आहे.

पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीला गिटारच्या तारा दाबून काढलेला खरखरता ठेका आहे आणि त्याच्यावरून विमान गेल्यासारखी एक लाट फिरते. ही लाटही टेपचीच करामत. एकच आवाज दोन टेपयंत्रांवर एकदम वाजवायचा आणि एकाची गती किंचित कमी-जास्त करायची. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळताना काही कंपनं एकमेकांना खाऊन टाकतात, काही वाढवतात, आणि गती बदलेल तशी ही खाण्या-वाढवण्याची जागा सरकत जाते. कानाला ती सरकणारी जागा लाटेसारखी लागते. याला फेजिंग म्हणतात.

पाचगणीचा पियानो येतो तो ‘माय फेअरी किंग’ या गाण्यात. हे गाणं स्टुडिओतच घडत गेलं. तोवर बँडमध्ये गरज पडली तर ब्रायनही पियानोला बसत असे. ‘डूइंग ऑल राइट’मधला पियानो त्याचा आहे. ‘माय फेअरी किंग’मध्ये फ्रेडीचा हात ऐकल्यावर तो प्रश्न मिटला, पियानो फ्रेडीकडे गेला. याच गाण्यात ‘मदर मर्क्युरी’ असे शब्द आहेत आणि ब्रायनने सांगितलंय, की बलसाराचं मर्क्युरी याच सुमारास झालं. नाव आणि वाद्य, दोन्ही एकाच गाण्यात सापडावीत हा योग मला विलक्षण वाटतो.

आता ड्रमची गोष्ट. बँडची या अल्बमबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार हीच आहे. ट्रायडंटमध्ये ड्रमसाठी एक छोटी बंदिस्त खोली होती, आवाज शोषून घेणारी. त्या काळात तशीच पद्धत होती. आवाज कोरडा, नेमका, शेजारच्या माइकमध्ये न झिरपणारा. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण टाळी वाजवून पाहा. गोधड्या रचलेल्या खोलीत एकदा आणि जुन्या वाड्याच्या चौकात एकदा. आपल्याला जी टाळी ऐकू येते तिच्यातला मोठा भाग भिंतींवरून परत आलेला असतो. ड्रमचा दणका तर त्याच्यावरच जगतो. रॉजरला आणि ब्रायनला तो चौकातला ड्रम हवा होता, मिळाला गोधड्यांमधला. ट्रायडंटच्या आवाजाची एक ठरलेली पद्धत होती आणि नवख्या पोरांनी ती बदलायला सांगणं तिथे सहज पचण्यासारखं नव्हतं.

म्हणूनच ‘द नाइट कम्स डाउन’ची हकिगत बोलकी आहे. ट्रायडंटमध्ये ते गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, पण बँडला डी लेन लीमधलं जुनंच बरं वाटलं. शेवटी अल्बमवर तेच गेलं. शेजारच्या गाण्यांबरोबर ऐका, त्यातला मोकळेपणा लगेच कळतो.

रेकॉर्डिंग झालं की मिक्सिंग. सोळा पट्ट्यांचं दोनमध्ये रूपांतर, डावा कान आणि उजवा कान. भजनात टाळ किती, मृदंग किती, पेटी किती आणि बुवांचा आवाज किती पुढे, हे आपण बसल्या जागेवरून ठरवत नाही, ते मंडळी वाजवतानाच ठरतं. इथे ते नंतर ठरतं, क्षणाक्षणाला खटके सरकवत, आणि संगणक नसल्यामुळे चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’ची अनेक मिश्रणं झाली आणि एकही मनाला येईना. शेवटी माइक स्टोन या तरुण इंजिनिअरचं मिश्रण त्यातल्या त्यात पसंत पडलं. ‘मॅड द स्वाइन’ या गाण्यावर तर बँड आणि बेकर यांचं एकमत झालंच नाही. ते गाणं अल्बममधून गळालं आणि १९९१ पर्यंत बाहेर आलं नाही.

या सगळ्याच्या मधल्या प्रतीक्षेत आणखी एक काम होऊन गेलं. ट्रायडंटमधलाच रॉबिन केबल हा निर्माता एक जुनं गाणं नव्याने करून पाहत होता, त्याने फ्रेडीला गायला बोलावलं, ब्रायन आणि रॉजरही आले. ते गाणं जून १९७३ मध्ये लॅरी लुरेक्स या खोट्या नावाने निघालं आणि विकलं गेलं नाही. म्हणजे फ्रेडी मर्क्युरीचा आवाज बाजारात क्वीनच्या आधी आला, पण दुसऱ्याच नावाने.

१९७३ उजाडेपर्यंत अल्बम तयार होता आणि काढायला कुणी नव्हतं. हा काळ बँडला फार जड गेला. तयार टेप घेऊन ट्रायडंट कंपन्यांची दारं ठोठावत होतं. फेब्रुवारीत बीबीसी रेडिओने त्यांचं एक सत्र रेकॉर्ड करून प्रसारित केलं, तेव्हा त्यांच्या मागे एकही रेकॉर्ड कंपनी नव्हती. मार्चमध्ये ईएमआयशी करार झाला, अमेरिकेसाठी एलेक्ट्रा कंपनी आली. आणि मग जुलै. मागच्या बाजूला बँडने असं छापलं, की गेल्या तीन वर्षांत क्वीनचं संगीत जे होतं त्यातलं थोडं तरी अखेर इथे आलं आहे. त्यातला ‘अखेर’ हा शब्द उगाच आलेला नाही. यातली काही गाणी १९७० च्याही आधीची होती. ब्रायनला खंत होती, की जे करताना आपण नवे होतो ते लोकांपुढे येईपर्यंत जुनं दिसू लागलं.

६ जुलैला आधी एक गाणं सुटं निघालं, ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’. बीबीसीचं रेडिओ वन हे केंद्र ते लावेना. आणि रेडिओवर न वाजलेलं गाणं तेव्हा जवळजवळ नसल्यासारखंच. खपाच्या यादीत ते कुठेच लागलं नाही. मदत आली ती चुकून. छपाईच्या आधी तपासणीसाठी ज्या मोजक्या तबकड्या काढतात त्यांच्यावर पांढरं कोरं लेबल असतं. अशी एक कोरी तबकडी बीबीसीच्या ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाकडे पोचली, तिच्यावर नावगावही नव्हतं. कार्यक्रमाच्या लोकांना ती आवडली. बँड कोणता हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी जुन्या अॅनिमेशनच्या फिती जोडून गाणं दाखवलं आणि प्रेक्षकांनी फोन करून विचारायला सुरुवात केली.

तरीही पहिल्या वर्षी अल्बम फार चालला नाही. ब्रिटनच्या यादीत तो शिरला १९७४ मध्ये, दुसऱ्या अल्बमचा हात धरून, आणि २४ व्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेत ८३. ट्रायडंटशी असलेला तो तिहेरी करारही टिकला नाही. १९७५ मध्ये क्वीनने सुटका करून घेतली, एक लाख पौंड आणि पुढच्या सहा अल्बमच्या मानधनातला एक टक्का देऊन.

ड्रमचं मात्र पन्नास वर्षांनी काहीतरी झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा अल्बम ‘क्वीन वन’ या नावाने पुन्हा आला आणि तो नुसता झाडूनपुसून काढलेला नव्हता. दोन्हींत फरक आहे. रीमास्टर म्हणजे तयार झालेल्या दोन ट्रॅकच्या मिश्रणाला उजाळा देणं. रीमिक्स म्हणजे मूळ सोळा पट्ट्यांपर्यंत मागे जाऊन प्रत्येक आवाज पुन्हा मांडणं. पट्ट्या जपून ठेवल्या होत्या म्हणून हे जमलं. ड्रमला त्यांना हवा होता तसा आवाज देण्याचा प्रयत्न झाला आणि गळालेलं ‘मॅड द स्वाइन’ आपल्या जागी परत आलं. शक्य असेल तर आधी १९७३ चा ऐका, मग हा. ‘ग्रेट किंग रॅट’ दोन्हींत लागोपाठ लावलं तरी पुरे. तरी मी जुनाच जास्त ऐकतो. त्या कोंदट ड्रममध्ये ती खोली आहे.

आणि एक गोष्ट नव्या आवृत्तीतही आहे तशीच राहिली आहे. मूळ अल्बमच्या शेवटी ‘सेव्हन सीज ऑफ राय’ नावाचा सव्वा मिनिटाचा एक तुकडा आहे. पियानो धावत येतो, गिटार चढते, आता कुणीतरी गाणार असं वाटतं आणि आवाज हळूहळू विरून जातो. कारण साधं आहे : फ्रेडीचं गाणं तोवर अर्धंच झालं होतं. ऑगस्ट १९७३ मध्ये ते पुन्हा ट्रायडंटमध्ये गेले, या वेळी रीतसर वेळ ठरवून, आणि दुसऱ्या अल्बमसाठी ते गाणं पुरं केलं. फेब्रुवारी १९७४ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बोवीच्या जागी ऐनवेळी क्वीनला बोलावलं गेलं आणि त्यांनी हेच गाणं सादर केलं. ते यादीत दहाव्या क्रमांकावर पोचलं. क्वीनचं पहिलं गाजलेलं गाणं ते.